दह्याचं गाडगं आणि मागचे पाटे

मी घोडनदीहून दौंडला टॅक्सी चालवायचो. शिरूर हे कागदावरचं नाव, आमच्या तोंडी घोडनदीच. एसटीच्या गाड्या तेव्हा मोजक्या होत्या आणि दौंडला आगगाडी गाठायची असली की लोक माझ्याकडे यायचे. गाडी जुनी, अमेरिकन बनावटीची, चांगली लांबरुंद. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मनसोक्त वापरून विकलेली. डॉक्टर तिच्यात एकटे बसत. मी तिच्यात माणसं कोंबायचो, वर बाजाराची पोती, कोंबड्यांची डालगी, कधी एखाद्याचं करडू. गाडीला तोंड नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या.

व्हायचं तेच झालं. गाडी मागून बसली, आणि डावीकडून जास्त बसली.

मागच्या चाकांवर मोटारीचं ओझं पेलायला पोलादी पट्ट्यांची कमान असते. वर लांब पट्टी, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, अशा एकाखाली एक आवळलेल्या. आम्ही त्यांना पाटे म्हणतो. धक्का बसला की कमान दबते आणि पुन्हा उठते, म्हणून आत बसणाऱ्याचं कंबरडं शाबूत राहतं. माझे पाटे दबले ते उठायचं विसरले होते. भरलेली गाडी खड्ड्यात गेली की डावं टायर मडगार्डला घासायचं आणि रबर जळल्याचा वास यायचा. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणायचे, "तुजी म्हैस बसली रं, उठीव तिला." मी त्यांना काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही.

एरवी मी गाडी तशीच रेटली असती. पण बायको घरी येणार होती.

तिच्या मणक्याला क्षय झाला होता. आधी नुसती पाठ दुखायची. घागर उचलताना कळ यायची आणि ती हसून म्हणायची, म्हातारी झाले बघा. मग एक दिवस चुलीपुढून तिला उठता येईना. दौंडहून आगगाडीनं बरंच पुढे मिशनचा एक मोठा दवाखाना होता, तिथं तिला नेली. सोबत तिचा भाऊ राहिला. मी गाडी सोडून बसलो असतो तर दवाखान्याचे पैसे निघाले नसते, म्हणून मी इकडे. जेमतेम एकदा जाऊन आलो. तिला गळ्यापासून मांड्यांपर्यंत प्लास्टर केलेलं होतं. मला बघून म्हणाली, "बगा कसं भितीत चिणलंय मला. आता तुमी दुसरी करायला मोकळं." वॉर्डातल्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही.

वर्ष उलटलं. होळीच्या आधी दौंडच्या ओळखीच्या गार्डाबरोबर मेव्हण्याचा निरोप आला. प्लास्टर निघणार आहे, सण झाला की सोडतायत. पण हाड अजून कच्चं आहे, तिला आडवीच न्यायची आणि वाटेत गचका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय.

गचका बसता कामा नये. दौंड ते घोडनदी हा रस्ता ज्यानं केला त्यानं तो नंतर कधी पाहिला नसावा. केडगावपर्यंत एक वेळ ठीक. पुढे पारगावला भीमेचं पात्र उतरायचं, दगडगोट्यांतून. तिथून न्हावऱ्यापर्यंत मधोमध खडीची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना मातीच्या चाकोऱ्या. अशा रस्त्यानं आणि असल्या गाडीतून मला माझी बायको आणायची होती.

मी चाचांकडे गेलो.

चाचांचं लोहारकाम आणि मोटारदुरुस्ती एकाच छपराखाली चालायची. त्यांचे आजोबा छावणीतल्या घोड्यांना नाल मारायचे. घोडी गेली, मोटारी आल्या, ऐरण तीच राहिली. आमचा शेजार दोन पिढ्यांचा. माझ्या लग्नात जेवणावळीची पाण्याची पिंपं चाचांनीच भरली होती. स्वभावानं माणूस तिरसट, मीही तसाच, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"पाटा बसला," मी म्हणालो.

"तूच सांगतुयास तर माझ्याकडं कशाला आलास?" ते म्हणाले. "आदी हवा बगू."

चारही टायरांची हवा पाहिली. डिकी रिकामी करायला लावली. तिच्यातून एक पहार, दोन जुनी टायरं आणि कुणाचा तरी विसरलेला नांगराचा फाळ निघाला. गाडी सपाट जागेवर उभी केली आणि चाचांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घातला. उजवीकडे वीतभर जागा, डावीकडे जेमतेम चार बोटं. मग त्यांनी मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. म्हणजे हेलकावे आवरणारे शॉकअप ठीक होते. मग बॉडीखाली जॅक लावून चाकं अधांतरी केली. ओझं उतरल्यावर कमानीनं बाक घ्यायला हवा. उजवीनं थोडा घेतला. डावी होती तशीच, सरळसोट.

चाचा पाठीवर झोपून खाली सरकले. पाटे मधोमध जिथं आवळलेले असतात तिथं त्यांनी बोट फिरवलं आणि बाहेर येऊन मला दाखवलं. बोटाला तांबडी भुकटी लागली होती.

"आत मोडलाय. दुसरा पाटा. तडा गेला की आतल्या आत घासतुया, मग असा गंज गळतू. आन् बाकीचं बी दमल्यात."

"डावाच का?"

"ट्रक समोरनं आला की तू कुटं जातूस? डावी चाकं खाली, मातीत. वरीसभर तेच. त्यानं तरी किती सोसावं?"

ट्रकवाल्यांनी वाट सोडायची नसते हा देशाचा कायदाच आहे.

आता त्या काळी घोडनदीच्या स्टँडवर गाडी बसली की एकच औषध होतं, ट्रकचा पाटा. मोडका पाटा काढायचा, ट्रकचा जाड पाटा तोडून त्या जागी घालायचा, दोन्हीकडे. मग गाडी कधी बसत नाही. चाचांनी असे कितीतरी घातले होते, आणि मीही दुसरं काही मनात आणलं नाही. आम्हाला वाटलं, गाडी ताठ झाली म्हणजे गाडी चांगली झाली. ओझं वाहणं एवढंच आमचं मोटारीशी नातं. तिच्यात कुणाला अलगद न्यायची वेळ आमच्या दोघांवर कधी आली नव्हती.

दोन्हीकडे ट्रकचा पाटा पडला. गाडी मागून अशी उचलली गेली, जशी पोळ्याच्या बैलानं मान वर करावी. स्टँडवर नेली तर सगळे भोवती जमले. ज्यांनी म्हैस म्हटलं होतं तेच आता हात फिरवत होते. मी छाती काढून उभा होतो.

गाडी परत चाचांकडे आणली तेव्हा चाची मात्र दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "बाळा, आन् आतल्या मानसाला कसं लागतंय?"

"चांगलं लागतंय की."

"तू म्होरं बसतूस. तुला काय कळतंय." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या माहेरी बाळंतीण आणायला बैलगाडी पाठवायची तर आधी तिच्यात दह्याचं गाडगं ठेवून गावाबाहेर फिरवून आणत. दही मोडलं नाही तर ती गाडी बाळंतिणीला. मोडलं तर बैल बदलायचे, नाहीतर गाडीत आणखी कडबा घालायचा. चाचा म्हणाले, "मोटारीला ह्ये कुटनं काडलंस?" पण चाचींनी म्हशीच्या दुधाचं विरजण लावलं होतं, तेच गाडगं त्यांनी मागच्या सीटवर चुंबळीवर ठेवलं आणि वर फडकं बांधलं.

न्हावऱ्यापर्यंत गेलो आणि आलो. मी मुद्दाम सावकाश चालवली. फडकं सोडलं तर आत दही नव्हतंच. खाली चोथा, वर पाणी, आणि बरंचसं सीटवर.

"मठ्ठा झाला," चाची म्हणाल्या. "मीठ टाका आन् प्या दोगं."

चाचा ओरडायला कुणीतरी शोधत होते. कुणी सापडेना तेव्हा ते पाटा काढायला लागले. त्या चोथ्याच्या जागी मला तिची पाठ दिसत होती.

ट्रकचे पाटे निघाले आणि चाचांनी ते भिंतीवरच्या खुंटीला टांगले. मग माझे सगळे जुने पाटे सुटे केले. मोडक्याच्या जागी पुण्याच्या जुन्या बाजारातून तसल्याच गाडीचा पातळ पाटा मी शोधून आणला. बाकीचे भट्टीत गेले. भाता मी मारायचो. पाटा पिकल्या बोरासारखा लाल झाला की चाचा तो ऐरणीवर घेऊन बाक देत, खडूनं जमिनीवर काढलेल्या कमानीवर ठेवून बघत, पुन्हा तापवत. बाक दिल्यावर पाणी द्यायचं, म्हणजे तापलेला पाटा तेलात बुडवून कडक करायचा आणि मग थोड्या आचेवर धरून त्याचा ताठा उतरवायचा. कमी उतरला तर पाटा मोडतो, जास्त उतरला तर पुन्हा बसतो. एक पाटा चाचांकडून फसला, सरळ दोन तुकडे झाले, आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मी पुन्हा पुण्याला गेलो.

शेवटी सगळे पाटे घासून, मध्ये ग्रीस भरून एकत्र आवळले. गाडी ताठ दिसेना, पण सरळ उभी राहिली. दोन्हीकडे सारखी जागा. चाचांनी डिकीत वाळूची पोती टाकायला लावली, कारण रिकामी गाडी उडते. टायरांतली हवाही थोडी सोडली. चाचींनी ताजं दही लावलं.

या वेळी न्हावऱ्यापर्यंतच गेलो नाही. पारगावला नदीत उतरलो, त्या गोट्यांवरून पलीकडे गेलो आणि परत आलो. परतल्यावर चाचींनी फडकं सोडलं. वरची साय जशीच्या तशी होती. आम्ही तिघं तिथंच बसून ते दही भाकरीबरोबर खाल्लं. चाचा म्हणाले, "आता सूनबाईला आन." मला वाटतं, माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचं जेवण मी जेवलो नसेन.

ठरल्या दिवशी दौंडला गेलो. आगगाडी फलाटाला लागली. मेव्हणा खाली उतरला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, जागरणानं शिणलाय. हमालांनी आणि गार्डानं मिळून तिला स्ट्रेचरवरून खाली घेतलं. ती वाळून काटकी झाली होती, पण डोळे तेच. मला म्हणाली, "लई गर्दी जमवलीसा. वरात काडनार हाय का माजी?"

मागच्या सीटवर मी दोन गाद्या अंथरल्या होत्या. त्यांच्यावर तिला आडवी ठेवली. मेव्हणा तिच्या पायांपाशी खाली उपड्या खोक्यावर बसला. मी आरसा वळवून तिचा चेहरा दिसेलसा केला आणि निघालो.

मी बोलका माणूस नाही. त्या दिवशी मात्र तोंडाला खळ नव्हता. तांबडी भुकटी सांगितली, ट्रकचा पाटा सांगितला, मठ्ठा सांगितला. ती हसत होती. प्रत्येक खड्ड्यानंतर मी आरशात बघून विचारायचो, "लागलं का?" ती म्हणायची, "न्हाई." भीमेच्या पात्रात एका ठिकाणी पाण्याखालचा मोठा गोटा दिसलाच नाही. मागचं चाक त्यावर चढून धाडकन खाली आलं. माझी स्वतःची पाठ शेकली. मी गाडी थांबवून मागे वळलो. तिचं डोकं जरा हललं होतं, एवढंच.

"लागलं?"

"अवो न्हाई. पोटातलं पानीसुदिक हाललं न्हाई बगा. चाचांचं हात सोन्याचं हायती."

मेव्हणा खिडकीबाहेर बघत होता. मला त्याचा राग आला. मनात म्हटलं, एवढ्या मेहनतीनं गाडी केली, याच्या तोंडून एक शब्द निघू नये.

न्हावऱ्याला हॉटेलपुढे थांबलो. तिला चहाची तल्लफ होती, वर्षभर दवाखान्याचा पाणचट चहा पिऊन ती विटली होती. हॉटेलवाल्यानं उकळता चहा काचेच्या पेल्यांत आणून दिला. मेव्हण्यानं दोन पेले घेतले, एक तिच्यासाठी फुंकत बसला, आणि दुसरा त्याच्या हातून निसटला. सगळा चहा तिच्या उघड्या पावलावर सांडला. वाफ निघाली.

ती मला सांगत होती की वॉर्डातली एक बाई कशी घोरायची. ती सांगतच राहिली. पाऊल लाल होत चाललं होतं आणि ती त्या बाईच्या घोरण्याची नक्कल करत होती.

मेव्हण्यानं धोतराच्या सोग्यानं पाऊल टिपायला घेतलं आणि तो रडायला लागला. तेव्हा तिनं मान उचलून बघायचा प्रयत्न केला. तिला दिसलं नाही. तिनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या.

"काय सांडलं व्हय?" ती म्हणाली.

मी गाडीचं दार धरून उभा राहिलो.

"आता कळलंच हाय तर सांगते," ती म्हणाली. "कमरंच्या खाली मला काय बी कळत न्हाई. निरोप धाडला तवा कळत हुतं. मागनं गेलं. डाक्टर म्हनले, आता घरी न्या."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, मला सांगवलं न्हाई."

"मग नदीत," मी म्हणालो, "तो गचका."

"डोसक्याला जरा लागला. बाकी न्हाई." मग तिनं हात पुढे केला. मी तो धरला. "तुमी एवडं कवतिकानं सांगत हुता. मला मोडवलं न्हाई. मला गाडी आवडली, खोटं न्हाई सांगत. दह्याचं फिरून सांगा की. साय तशीच हुती म्हनला न्हवं?"

मी पुन्हा गाडीत बसलो. दह्याचं पुन्हा सांगितलं. आवाज माझाच होता, पण कुठून येत होता कोण जाणे. घोडनदीपर्यंत मी तितक्याच सावकाश चालवली. एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. हात आपोआप स्टिअरिंगचं चाक वळवत होते. देवावर, डॉक्टरांवर, त्या रस्त्यावर, सगळ्यांवर मला संताप होता, आणि त्या संतापाचा उपयोग शून्य होता. चाचींनी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. चाचांनी मला डोळ्यांनी विचारलं, कशी आली. मी म्हटलं, पोटातलं पाणी हललं नाही. ते खूश होऊन आत गेले. खरं काय ते त्यांना चाचींकडून कळलं.

त्यानंतर ती दोन वर्षांवर जगली. चाचींनी तिचं सगळं केलं, मी केलं. कूस वळवायची, पाठ कोरडी ठेवायची, पायांना काही टोचलंय का ते आपण बघायचं, कारण तिला कळणार नाही. उन्हं उतरली की मी तिला गाडीत घालून घोड नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणायचो. मऊ पाटे ठेवल्यामुळे गाडीत पूर्वीसारखी माणसं आणि पोती कोंबता येत नव्हती. स्टँडवरचे म्हणायचे, ट्रकचा पाटा घाल, आता कुणासाठी सांभाळतोस, तिला तर कळत नाही. एकाची मी गचांडी धरली. पण खरं तर मलाही ते माझं मला समजावता आलं नसतं. फक्त ती बसल्यावर गाडीला धक्का लागलेला मला चालत नव्हता.

शेवटी पाठीला जखमा झाल्या, त्यांतून ताप आला, आणि तो उतरला नाही. शेवटपर्यंत जखमा दुखल्या नाहीत, एवढंच. लोक म्हणाले, तेवढी तरी देवाची कृपा. मी त्या कृपेला अजून हात जोडलेले नाहीत.

तेरावं झालं आणि मी गाडी चाचांकडे नेली. चाचांनी खुंटीवरचे ट्रकचे पाटे काढले, त्यांवरची धूळ पुसली आणि गाडीखाली सरकले. चाची घरातून बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत गाडी मागून ताठ उभी राहिली. काढलेले पाटे मी घरी आणून माळ्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दौंडचं भाडं घेतलं. पूर्वीसारखी ठासून भरली. मागच्या सीटवर डावीकडे एक म्हातारी होती, लेकीकडे निघालेली. न्हावऱ्याच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि ती कळवळली.

"हळू चालीव रं बाबा. कंबर मोडली माजी. पार पायापतूर कळ गेली."

त्या सीटवरून बायकोच्या तोंडून हे शब्द ऐकायची मी किती वाट पाहिली होती. मी गाडी कडेला घेतली. उतारू विचारत राहिले, काय झालं, पंक्चर आहे का. मी चाकावर डोकं टेकून रडलो. मग डोळे पुसले, मागे वळलो आणि म्हातारीला विचारलं, "लई लागलं का आजी?"

"लागंल न्हाई तर काय," ती म्हणाली. "मानूस हाय मी."

तिला मी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसवलं आणि दौंडपर्यंत एकही खड्डा घेतला नाही.